यमूआत्या मेली की नाही?

सकाळचा चहा घेता घेता शरदचंद्रांना असा प्रश्न पडला, जो कुठल्याही कादंबरीकाराला पडू नये. यमूआत्याला आपण मारलं होतं का?

यमूआत्या म्हणजे त्यांच्या 'कुंपणाआडची केळ' या एकुलत्या एक कादंबरीतली तोंडाळ विधवा. अकरा वर्षांपूर्वी कादंबरी लिहिली तेव्हा त्यांनी शेवट दोन केले होते. एकात आत्या तापाने जायची, दुसऱ्यात पत्र्याची पेटी उचलून नाशिकला जायची. कुठला बरा हे काही केल्या ठरेना, तेव्हा दोन्ही प्रकाशक केनीकडे धाडून दिले. "जो पानांत बसेल तो घ्या," म्हणाले. पुस्तक छापून आलं, त्यांनी हौसेने उघडलं, तर पहिल्याच पानावर लेखकाचं नाव 'शदरचंद्र'. त्यांनी ते मिटलं आणि पुन्हा म्हणून उघडलं नाही.

आता दादरच्या एक नव्या प्रकाशिका, संपदाताई, दुसरा भाग काढायला निघाल्या होत्या. आदल्याच दिवशी त्यांचा फोन आला होता. "नव्या भागाची तुमची पाचही प्रकरणं वाचली. आत्या भन्नाट आहे हो! आपण पहिला भागही सोबत काढू. एक प्रत पाठवा ना." आता पाचही प्रकरणांत आत्या पानोपानी भांडत होती. आणि तीच पहिल्या भागात गेलेली निघाली तर?

घरात एक प्रत होती, पण ती कुठे आहे हे फक्त जयवंतीला ठाऊक. आणि जयवंतीला विचारायची सोय नव्हती. यमूआत्याचं प्रत्येक वाक्य शरदचंद्रांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून उचललं होतं. बायकोला मात्र त्यांनी सांगून ठेवलं होतं की नायिका मृणालिनी, ती चाफ्याखाली उभी राहून सुस्कारे टाकणारी, ती म्हणजे तू. जयवंतीने पुस्तक वाचलेलं नाही, या एका समजुतीवर त्यांचा संसार सुखाने चालला होता. आता ते तिच्या हातात पडलं तर उतारवयात जेवायचे वांधे व्हायचे.

त्यांनी केनीला फोन लावला. केनीने प्रकाशन केव्हाच बंद करून चंदनसारला फ्लॅट विकायचा धंदा धरला होता.

"बोला शरदभाऊ! टू बीएचके बघताय का?"

"केनी, तू आत्याचं काय केलंस?"

"कोणाची आत्या?"

"अरे, माझ्या कादंबरीतली! मेली का?"

"भाऊ, मी नुसता छापायचो. वाचायची पद्धत नव्हती आपल्याकडे."

शरदचंद्रांनी चपला घातल्या. आगाशीत, आपल्या गावात, त्यांनी कितीतरी प्रती वाटल्या होत्या, आणि भेटेल तो म्हणायचा, "काय लिहिलंय भाऊ!" तेव्हा एखादा वाचक सापडायला काय हरकत होती?

शेजारचा शांताराम अंगणात सुकेळी वाळत घालत होता. राजेळी केळी सोलून उन्हात पसरलेली, वर पांढरं फडकं.

"शांताराम, माझ्या कादंबरीत शेवटी आत्याचं काय होतं रे?"

"आत्या? ती गेली ना!"

"कुठे?"

शांताराम सावध झाला. "म्हणजे... जिथे जायला पायजे तिथेच."

शरदचंद्रांची नजर फडक्याकडे गेली. ते वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर 'कुंपणाआडची केळ' ठेवलेली होती. त्यांनी झडप घालून ती उचलली. केळ्यांच्या पाकाने शेवटचं प्रकरण चिकटून अख्खी वडी झालेली. नखाने सोडवायला गेले तर निम्मं पान हातात आलं.

"वजनाला लई चांगलं पुस्तक आहे भाऊ," शांताराम मनापासून म्हणाला.

मग ते स्कूटरवरून शेजारच्या गास गावी गेले. तिथे त्यांचे जुने स्नेही, निवृत्त मास्तर व्हॅलेरियन, राहायचे.

"तुझं पुस्तक? दोनदा वाचलं मी!" मास्तर म्हणाले. "शेवटी आत्याचं लग्न लावलंस, तिथे तर डोळे भरून आले माझे."

"मास्तर, आत्या साठ वर्षांची विधवा आहे."

"म्हणूनच तर मला ते क्रांतिकारक वाटलं!"

"प्रत आहे तुमच्याकडे?"

"ती भाच्याला दिली. तो कॅनडाला गेला."

परत येताना आगाशीच्या बाजारात आशालताबाई भेटल्या. प्रकाशन समारंभात पुस्तकावर त्याच बोलल्या होत्या, आणि टाळ्याही घेतल्या होत्या. शरदचंद्रांनी त्यांना भाजीच्या पिशवीसकट अडवलं.

"यमूआत्या कधीच मरत नाही," आशालताबाई डोळे मिटून म्हणाल्या. "ती आपल्या सगळ्यांच्या मनात..."

"ते भाषणात ठीक आहे हो. पुस्तकात काय झालं?"

आशालताबाईंना एकाएकी मेथी घ्यायची आठवण झाली.

शरदचंद्रांचं डोकं भणभणायला लागलं. एका दिवसात आत्या जिथे जायला हवं तिथे गेली होती, तिचं लग्न झालं होतं आणि ती अमरही झाली होती. त्यांना स्वतःलाच संशय यायला लागला की असं पुस्तक आपण लिहिलं होतं ना?

इकडे गावात भलतीच बातमी पसरली. शरदभाऊ घरोघर जाऊन परीक्षा घेताहेत, आणि ज्याने पुस्तक वाचलं नसेल त्याला दुसऱ्या भागात घालणार आहेत, तेही नावासकट! झालं, जो तो आपली प्रत शोधायला लागला. कोणाची रद्दीत गेलेली, कोणाची वाळवीने संपवलेली. शेवटी सगळ्यांना एकच गोष्ट सुचली. लेखकाच्या घरी तर प्रत असेलच!

संध्याकाळी शरदचंद्र घरी पोचले तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता. ओट्यावर शांताराम, आशालताबाई आणि निम्मी आळी मांडी घालून बसलेली. मधोमध जयवंती. तिच्या हातात देवघरातल्या पोथ्यांसारखी खाकी कव्हर घातलेली 'कुंपणाआडची केळ' होती, आणि ती खणखणीत आवाजात वाचत होती.

"'केळीला पाणी घाला म्हटलं, तर हे केळीवर कविता करून आले! आता घड धरला की त्यातून काय कडवी काढायची?'"

ओटा हसून हसून लोळत होता. यमूआत्या बोलते ती हुबेहूब जयवंतीच, हे समजायला कोणाला पुस्तक वाचायची गरज नव्हती. शांतारामने शरदचंद्रांकडे बघून डोळा मारला. पळून जावं म्हटलं तर स्कूटरची किल्ली हातातून पडली आणि सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"या, बसा," जयवंती म्हणाली. "शेवटचंच पान राहिलंय."

ते पायरीवरच बसले. जयवंती वाचायला लागली. आत्याला ताप भरला. शरदचंद्रांनी डोळे मिटले. म्हणजे मारलीच! घरातले सगळे खाटेभोवती जमले, पुतण्या हंबरडा फोडायच्या बेतात आला. तेवढ्यात आत्याने एक डोळा उघडला आणि म्हणाली, "'रडायचं तर बाहेर जाऊन रड मेल्या. चुलीवर दूध उतू चाललंय, ते दिसत नाही का कोणाला?' आणि उठली, पदर खोचला, तरातरा चुलीकडे गेली."

जयवंतीने पुस्तक मिटलं. टाळ्या थांबेनात. "मी म्हटलं नव्हतं, आत्या मरत नाही?" असं म्हणत आशालताबाईंनी डोळे पुसले.

शरदचंद्र मात्र गोंधळून गेले होते. इतका झकास शेवट आपण लिहिला? कधी? तिसरा शेवट लिहिल्याचं त्यांना अजिबात आठवेना. मंडळी पांगली. पुस्तक मागायला ते जयवंतीजवळ गेले, तर तिचा चष्मा खिडकीत दिसला. चष्म्याशिवाय तिला छापील अक्षर दिसत नसे.

त्यांनी घाईघाईने शेवटचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, 'त्या रात्री यमूआत्या तापाने गेली. सकाळी केळीला घड धरला होता.'

"दोन ओळी," जयवंती म्हणाली. "अकरा वर्षं वाचतेय मी. ती मृणालिनी चार चार पानं सुस्कारे टाकते, आणि मला दोन ओळींत पोचवलंत? आणि वर लगेच केळीचा घड!"

"अगं, मृणालिनी म्हणजे तर तू..."

"गप्प बसा. त्या बाईने अख्ख्या पुस्तकात एक भांडं घासलेलं नाही. ती मी कशी असेन?"

शरदचंद्रांना फार लाज वाटली. इतकी वर्षं ते मृणालिनीला जपत आले होते, आणि आज लोक हसले, रडले ते दुसऱ्याच बाईसाठी.

तेवढ्यात संपदाताईंचा फोन आला. "सर, पहिल्या भागात आत्या शेवटी जिवंत असते ना?"

"असते तर," शरदचंद्र म्हणाले. "आगाशीत कोणालाही विचारा. फक्त शेवटचं पान नव्याने छापावं लागेल. ते मी पाठवतो."

फोन ठेवून त्यांनी वही-पेन घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "जयवंती, ते दूध उतू जायच्या आधी काय म्हणाली होतीस गं?"

"सांगते. आधी केळीला पाणी घालून या," ती आतून म्हणाली. "आणि हो, दुसऱ्या भागात त्या मृणालिनीला जरा ताप येऊ द्या. दोन ओळींचा."