टाळ्या वाजवायला एकटा सुयोग

"वाघमोडे सर, त्या सुयोगचे मार्क वाढवा ओ! शंभर टक्के निकालाला एकटा आडवा येतोय," प्राचार्यांनी सकाळी सकाळी पुन्हा टुमणं लावलं.

"दीड पान लिहिलंय त्यानं. तेही चुकीचं."

"बाकीच्यांनी काय दिवे लावलेत? संध्याकाळपर्यंत वाढवा."

इंदापूरजवळच्या त्या कॉलेजात शिकवून वाघमोडे सर पार दमले होते. पूर्वी साठ टक्क्यांना पेढे वाटले जायचे. आता नव्वद पडले तरी पोरं रडत यायची. खऱ्या मार्कांसाठी भांडून भांडून सर थकले आणि सगळ्यांना भरभरून मार्क देऊन मोकळे झाले. पेपरांच्या गठ्ठ्यांची दोरीही आताशा सुटत नसे. राहिला होता एकटा सुयोग; गठ्ठ्यात त्याचाच पेपर सगळ्यात वर होता. त्याला मात्र सर फुकट पास करणार नव्हते. माणसाची एवढी तरी अब्रू राहू द्या की!

दुपारी गुणगौरव समारंभ होता. नव्वदच्या वरच्यांना फेटा आणि स्टेजवर जागा. नावं पुकारली गेली, पोरं वर चढत गेली, फोटोसाठी आईबापही चढले. बघता बघता अख्खं कॉलेज स्टेजवर! कळंबहून आलेले पाहुणे आबासाहेब माइकला चेपले गेले.

"विद्यार्थी मित्रांनो," त्यांनी सुरुवात केली, खाली पाहिलं आणि म्हणाले, "बरं, मित्रा."

खाली सुयोग एकटाच होता. प्रत्येक नावाला टाळ्या वाजवून त्याचे तळवे लाल झाले होते. तो उठला.

"सर, पानी पिऊन येऊ का?"

"बस खाली!" प्राचार्य ओरडले. "तू गेलास तर कार्यक्रम कुणापुढं करायचा?" मग वाघमोडे सरांच्या कानाला लागले, "राहू द्या त्याचे मार्क. पुढच्या वर्षी आणखी दहा-बारा नापास करा. टाळ्यांना माणसं पाहिजेत."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले, ते हे असं मिळालं. सरांना हसावं की रडावं कळेना.

कार्यक्रम संपल्यावर सुयोग समोर येऊन उभा राहिला. आता हा भांडणार, असं सरांना वाटलं.

"सर, माझा पेपर तुमी सोता वाचला व्हय?"

"वाचला की. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

सुयोग वाकून पाया पडला. "लई बरं वाटलं बघा! त्या युवराजनं मधल्या पानांत जत्रंतल्या कुस्त्या लिव्हल्यात. ब्याण्णव पडलं त्याला. माझा तेवढा तुमी वाचला. आता पुढच्या टायमाला चांगली वीस पानं लिव्हतो सर, तुमच्यासाठी!"

"नको रे बाबा," सर घाईघाईनं म्हणाले. "दीडच लिही. तेवढं मी नक्की वाचीन."