बिनचेहऱ्याचा बोर्ड

"ह्या फोटोत बरोबर आजारी दिसते बघ."

जयेशदादा माझ्याच मोबाइलवर बोट ठेवून म्हणाला. चौक गावात, हायवेलगत, त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. फोटो सायलीचा होता. नाकातोंडावर मास्क, डोळे अर्धे मिटलेले. सायली पंधरा वर्षांची, माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. जिना चढवेना तशी यायची बंद झाली. तिच्या आजाराचं नाव इतकं लांब की तिची आई ते चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये बाळगते. स्नायू हळूहळू साथ सोडतात; आता श्वासापर्यंत आलं होतं. औषध आहे, पण ते परदेशातून येतं आणि एका घराला झेपणारं नाही. म्हणून गाव मदत गोळा करणार होतं, आणि जयेशदादा फ्लेक्स फुकट छापून देणार होता.

"आनि बरी झाली मंग?" दारातून आवाज आला. "मंग काय करशील रं जयेश? हसरा लावशील?"

हे वामनकाका. ते दुकानात रोज येतात, फक्त छपाईच्या मशीनला नावं ठेवायला.

काका पेंटर. खोपोलीपासून चौकपर्यंतच्या ढाब्यांचे, गॅरेजांचे बोर्ड एके काळी त्यांच्याच हातचे. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. तेव्हापासून ते सायकलवरून फिरतात आणि दिसेल त्या फ्लेक्ससमोर पाय टेकून डोकी मोजतात. "सतरा डोकी, आनि एक शिरोरेघ सरळ नाय." एकदा ज्याचा वाढदिवस तोच शेजारी उभा होता. काकांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू होय? फ्लेक्सवर गोरा हायेस."

एका ढाब्याने त्यांचा बोर्ड काढून फ्लेक्स लावला. काका तिथे जेवत नाहीत. समोरच्या दगडावर बसून घरची भाकरी खातात, मालकाला दिसेल अशी.

माझी शाळा इंग्रजी, म्हणून मला त्यांनी एकदा 'ळ' काढायला लावला. बराच वेळ बघून म्हणाले, "ही जिलबी हाय गं." कुणी माझ्याकडे बघत असलं की माझा आवाज जातो. काका माणसाकडे न बघता अक्षराकडे बघत बोलतात, म्हणून त्यांच्यासमोर मला बरं वाटायचं.

"फोटो नको," ते जयेशदादाला म्हणाले. "मी बोर्ड काढतो. नुसती अक्षरं. फुकट."

"काका, गाडीतला माणूस वाचायला थांबत नाय. चेहरा दिसला की हात खिशात जातो."

"अक्षर बोलतं. थोबाड नाय." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आनि फ्लेक्स मरत नाय रं. उद्या पोरगी कुनाच्या तरी गोठ्यावर पडंल."

यावर दुकानात हशा झाला. पण ते खरं होतं. पोशीरला माझ्या मामाच्या गोठ्यावर गेली दोन वर्षं एक उमेदवार हात जोडून पडला आहे. खाली म्हशी.

"धंदा गेला ना, त्याचं दुखणं," काका गेल्यावर जयेशदादा म्हणाला. मलाही तसंच वाटलं. "उद्या सकाळपर्यंत चांगला मोठा फोटो पाठव." मी मान हलवली. मी नेहमीच हलवते.

काका तरीही बोर्ड काढणारच होते, म्हणून दुपारी मी मजकूर द्यायला त्यांच्याकडे गेले. एकटेच राहतात. भिंतीला जुने पत्रे टेकवून ठेवलेले. "एखादा बरा बघून दे," ते ब्रश भिजवत म्हणाले. मी मागचा, उलटा ठेवलेला, ओढला.

"तो नको."

तोवर मी तो फिरवला होता. दोन वेण्या, लाल रिबिनी, आठ-नऊ वर्षांची मुलगी. खालच्या अक्षरांना गंज खाऊन गेला होता. 'मदत' एवढंच लागत होतं. चेहरा मात्र ताजा, काल काढल्यासारखा.

"मंदा माझी," काका म्हणाले. "मीच काढली, मीच हायवेला लावली. ती गेली. बोर्ड ऱ्हायला. पंक्चरवाल्यानं उचलून दुकानाला आडोसा केला. दोन पावसाळं जाता-येता बघायची माझ्याकडं."

"मग?"

"मंग काय. त्याला नवा बोर्ड काढून दिला फुकट, तवा सोडला." त्यांनी पत्रा पुन्हा भिंतीकडे वळवला. "दर दिवाळीला तोंडावर जरा हात फिरवतो. रंग उडतो ना."

अक्षरांना मात्र त्यांनी हात लावलेला नव्हता.

येताना मी सायलीकडे गेले आणि फोटोचं विचारलं. तिने मास्क थोडा बाजूला केला. "मिस, शाळेसमोर पण लावणार?"

मी मोबाइल खाली घेतला.

"लावा," ती म्हणाली. "आईला पैसे लागतील." आणि मास्क परत नीट बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात चार-पाच जण जमले होते. काका बाहेर, सायकलच्या कॅरिअरला बोर्ड बांधून उभे. पांढऱ्यावर निळी अक्षरं, अजून ओली. शिरोरेघ एका दमात ओढलेली. आत यायला ते तयार नव्हते.

"फोटो नाय पाठवलास?" जयेशदादाने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "अगं, दिवस नाहीत आपल्याकडे. चेहरा नसंल तर थांबणार कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाहेर काका खाली मान घालून एका अक्षराचा ओघळ बोटाने पुसत होते.

"चेहराच हवा ना?" मी म्हटलं. "बोर्डाशेजारी मी उभी राहते."