आहेर काकांचे निळसर शेजारी

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आहेर काकांच्या एका खोलीत रंगीत कपडे घालून जायला बंदी आहे. दाराबाहेरच्या खुंटीवर राखाडी झगे टांगलेले असतात. गुडघ्याच्या खाली येणारे, पुढून नाड्या असलेले. साडी असो, शर्ट असो, वरून झगा चढवायचा, नाड्या बांधायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. मी पहिल्यांदा गेले होते ती त्यांचं चुकून आमच्याकडे आलेलं कुरियर द्यायला. अंगात गुलाबी कुर्ता होता. काका दारातच आडवे आले.

"मंजू, तुझा गुलाबी माझ्या स्क्रीनवर सांडतोय," ते म्हणाले.

मी आधी खाली फरशीकडे बघितलं.

मग त्यांनी समजावलं. फोटोंचे रंग दुरुस्त करायला बसलं की आजूबाजूचा प्रत्येक रंग स्क्रीनवर पडतो आणि डोळ्याला फसवतो. म्हणून त्या खोलीच्या भिंती राखाडी, पडदा राखाडी, टेबलावरचं कापड राखाडी आणि मधोमध खुर्चीत राखाडी बनियनमधले काका. काका एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होते. "इतकी वर्षं राखेतून घरी यायचे, आता घरातच राख आणून ठेवलीय," असं सुमनकाकू म्हणायच्या. झगे मात्र त्यांनीच शिवून दिले होते. स्वतः त्या खोलीत कधी जायच्या नाहीत. चहाचा कप बाहेरच्या स्टुलावर ठेवायच्या आणि हाक मारून स्वयंपाकघरात परत जायच्या.

काकांचं दुखणं एकच होतं. एक माणूस, एक दिवस, एक साडी, आणि तीन फोनमधून तीन रंगांचे फोटो. हे त्यांना सहन व्हायचं नाही. "एका माणसाला एकच चेहरा असायला पाहिजे," ते म्हणायचे. मग ते सगळ्यांचे फोन गोळा करायचे, सगळे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि एकमेकांशी जुळवत बसायचे. स्क्रीनवर जुळले की छापायचे. छापून आलेला कागद स्क्रीनशी जुळायचा नाही. की पुन्हा पहिल्यापासून. काका मूळचे सटाण्याकडचे. एरवी तुमच्याआमच्यासारखंच बोलतात, पण रंग बिघडला की अहिराणी बाहेर येते. प्रिंटरमधून कागद निघाला की समोरच्या दारातून आम्हाला ऐकू यायचं, "हाऊ तो रंग नही शे."

कुठल्याही समारंभाला ते खिशात राखाडी रंगाचं एक कार्ड घेऊन जायचे. फोटोत एकदा ते कार्ड आलं की नंतर कॉम्प्युटरला सांगता येतं, हा बघ खरा राखाडी, आता बाकीचे रंग याच्या हिशोबाने लाव. शास्त्र बरोबर आहे, पण कार्ड कोणाला तरी धरावं लागतं. बिल्डिंगमधल्या एका बारशाला त्यांनी ते पाळण्यात बाळाच्या उशाशी ठेवलं, आणि बाळाच्या आजीने आत्याला बाजूला घेऊन हे कुठल्या देवाचं आहे म्हणून विचारलं. पंचवटीत एका मुंजीला त्यांनी ते सरळ गुरुजींच्या हातात दिलं. गुरुजी घाईत होते. त्यांना वाटलं, यजमानांकडची काहीतरी पद्धत असेल. त्यांनी मंत्र न थांबवता कार्डावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर पळीभर पाणी सोडलं आणि कार्ड पाटावर मांडून ठेवलं. हळद लागलेलं कार्ड आता राखाडी राहिलं नव्हतं. तरी काकांनी ते टाकून दिलं नाही. पूजा झालेली वस्तू कचऱ्यात कशी टाकणार म्हणून ते अजून काकूंच्या देवघरात आहे.

आणि आडनावाला जागायचं म्हणून की काय, लग्नाकार्यात काका पाकीट देत नाहीत, फोटो देतात. तोही फ्रेम करून. देतात म्हणजे स्वतः हातोडी, खिळा घेऊन येतात, ऊन पडणार नाही अशी भिंत शोधतात आणि ठोकूनच जातात. आमच्या भाचीच्या लग्नातले सगळ्या नातेवाइकांचे फोटो त्यांनी महिनाभर बसून जुळवले. एका फोटोत शालू लाल, दुसऱ्यात नारिंगी, तिसऱ्यात राणी कलर होता. काकांनी तो सगळीकडे एक करून दाखवला. फोटो आमच्या भिंतीवर लागला, काका गेले. सासूबाई चष्मा लावून बराच वेळ बघत उभ्या होत्या.

"ही लग्नाला उभी आहे की थंडीत रामकुंडावर बुडी मारून आलीय?" त्या म्हणाल्या.

खरंच होतं ते. सगळे रंग एकमेकांशी जुळले होते, पण सगळ्यांवर निळी छटा होती. नवरीचे ओठ जांभळट, नवरदेव गारठलेला, मामांच्या फेट्यावर धुकं. आधीचे फोटो असे नव्हते. अलीकडच्या दोनतीन वर्षांत हे हळूहळू वाढत गेलं होतं. कोणाच्याही घरी जा, वाढदिवस असो की डोहाळजेवण, सगळी बिल्डिंग भिंतीवर कुडकुडत होती. पण काकांना सांगणार कोण? निवृत्त झाल्यावर हा माणूस कुठे कट्ट्यावर जाऊन बसला नाही, कोणाच्या भानगडीत पडला नाही. एक छंद लावून घेतला आणि त्याचं फळ फुकट वाटलं. त्याला कोणत्या तोंडाने म्हणायचं की आम्ही निळे दिसतो?

काकांची तक्रार मात्र उलटीच होती. त्यांना सगळं पिवळट दिसायचं, म्हणून ते निळा वाढवत जायचे. आधी त्यांनी कागद बदलला, मग शाई, मग खोलीतले दिवे. स्क्रीनचे रंग तपासायचं एक छोटं यंत्र त्यांच्याकडे होतं. स्क्रीनवर उंदरासारखं बसायचं आणि रंग बरोबर की चूक ते सांगायचं. यंत्र म्हणायचं, स्क्रीन बरोबर आहे. काका म्हणायचे, पिवळी आहे. शेवटी काकांनी यंत्राशी अबोला धरला आणि त्याला कपाटात टाकलं. मग भिंतींच्या राखाडीत पिवळा आहे असा शोध लागला आणि पेंटर आला. आणखी काही महिन्यांनी तोच पेंटर पुन्हा आला. जाताना त्याने जिन्यात मला गाठून हळूच विचारलं, "ताई, काकांची तब्येत ठीक हाय ना? राखाडीवर राखाडी मारून घेता."

ठीक नव्हती. एका संध्याकाळी काकांनी स्कूटर पार्किंगमधल्या तुळशीच्या कुंडीवर घातली. कुंडी दिसलीच नाही म्हणाले. काकू त्यांना बळेच गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, आणि दोन्ही डोळ्यांत चांगला पिकलेला मोतीबिंदू निघाला. उजव्याचं ऑपरेशन आधी ठरलं.

पट्टी निघाल्यावर मी भेटायला गेले. काका सोफ्यावर बसून एकदा हा डोळा झाकत होते, एकदा तो. काळा चष्मा मांडीवर पडला होता. काकू म्हणाल्या, आल्यापासून हेच चाललंय, जेवायलाही आले नाहीत. काकांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"मंजू, खोलीची भिंत निळी आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, थोडीशी.

"आणि फोटो?"

मी ओढणी सारखी केली. तेवढ्याने त्यांना कळलं. त्यांनी विचारलं, सगळ्यांना दिसत होतं का? मी मान डोलावली. मग ते स्वयंपाकघराकडे वळले. काकू कोथिंबीर निवडत होत्या.

"तुलाही दिसत होतं?"

"दिसत होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

काकू काड्या बाजूला करत म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठे कधी? तुम्ही सांगायचात, आम्ही ऐकायचो."

त्यानंतर काही दिवस त्यांच्या घरातून प्रिंटरचा आवाज आला नाही. मग एका रविवारी काळा चष्मा लावून, हातात बाजाराची मोठी पिशवी घेऊन काका घरोघरी निघाले. दिलेले सगळे फोटो परत मागायला. वरच्या मजल्यावरच्या एका घरात मोठीच धांदल उडाली, कारण त्या लोकांनी फोटो केव्हाच उतरवून कपाटामागे सरकवला होता. काका येताहेत कळल्यावर तो घाईघाईने पुन्हा टांगण्यात आला, काकांना उतरवता यावा म्हणून. आमच्या भिंतीवरचा फोटो काढल्यावर मागे ओल आलेली दिसली. सासूबाई म्हणाल्या, राहू द्या हो, सवय झालीय आता. काकांनी ऐकलं नाही. ते प्रत्येक दारात एकच वाक्य बोलत होते, चूक माझी आहे, दुरुस्त करून देतो.

दुरुस्ती सुरू झाली. कपाटातलं यंत्र बाहेर आलं. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्याला आधी पुसून काढलं आणि मग त्याची माफीही मागितली. पण खरा बदल पुढेच होता. काका आता माणसांना बोलावू लागले. ज्याचा फोटो त्याला झगा घालून शेजारी बसवायचं, एकदा स्क्रीनकडे बघायचं, एकदा चेहऱ्याकडे, आणि विचारायचं, बरोबर आहे का? सासूबाईंनी सांगितलं की नुसत्या आठवणीवर त्या काही बोलणार नाहीत, आणि भाचीचा शालूच मागवून घेतला. राखाडी झग्यातल्या सासूबाई एका खुर्चीत, लालभडक शालू दुसऱ्या खुर्चीत, असं ते चाललं होतं. सासूबाई जुळल्या. मी जुळले. शालूही जुळला.

मग लग्नातल्या फोटोत काकू होत्या म्हणून काकांनी त्यांना आत बोलावलं. काकू दारात अडखळल्या. स्वतः शिवलेला झगा त्यांनी पहिल्यांदाच अंगावर घातला आणि खुर्चीच्या कडेला पाहुण्यासारख्या बसल्या. मी तिथेच होते. काकांनी स्क्रीनकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. काहीतरी कमीजास्त केलं, पुन्हा बघितलं. फोटोतला चेहरा तांबूस, गव्हाळ होता. खुर्चीतला चेहरा कागदासारखा होता. काकांनी यंत्र लावून स्क्रीन तपासली. स्क्रीन बरोबर होती. मला शेजारी उभं केलं. माझा चेहरा फोटोशी जुळत होता. पुन्हा काकूंकडे वळले. अहिराणी काय, मराठीही त्यांच्या तोंडून निघेना.

फोटो बरोबर होता. माणसाचा रंग गेला होता.

ते उठले आणि कधीही न उघडणारा तो राखाडी पडदा त्यांनी बाजूला ओढला. काकूंना हात धरून खिडकीशी नेलं. आधी तळवे बघितले, मग नखं.

"सुमन, तुला दम लागतो का?"

"जिना चढताना लागतो थोडा. वय झालं आता."

"कधीपासून?"

काकू म्हणाल्या, असेल दिवाळीपासून. आणि मग आमटी करायची राहिलीय म्हणून उठायला लागल्या. काकांनी त्यांना उठू दिलं नाही. मला गाडी काढायला सांगितली.

रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी काकूंना विचारलं, तुम्ही घरातली कामं कशी करत होतात? पोटात एक जखम होती आणि तिच्यातून थोडंथोडं रक्त जात होतं. दवाखान्यात ठेवून घेतलं, रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तर काका बाहेरच्या बाकावर बसले होते. डबा त्यांनी घेतला आणि उघडलाच नाही.

"जुन्या डोळ्यांनी सगळं पिवळं दिसायचं ना," ते म्हणाले, "ही मला रोज उन्हात बसून आल्यासारखी दिसायची. छान तकतकीत. मला वाटायचं, माणसं ठीक आहेत, काय ती गडबड फोटोतच आहे."

मी म्हटलं, काका, आता कळलं ना, आता बऱ्या होतील. त्यांनी मान हलवली, पण ते माझं ऐकत नव्हते.

"चहा बाहेर ठेवून जायची ती," ते म्हणाले. "मी वर बघायचोच नाही."

काकू बऱ्या झाल्या. गोळ्या अजून चालू आहेत, पण जिना चढताना आता मधे थांबत नाहीत. काकूंचं निस्तरेपर्यंत काकांनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं आणि मग तेही करून घेतलं. सगळ्यांना दुरुस्त केलेले फोटो परत मिळाले. सासूबाईंची त्यावरही तक्रार आहे. नव्या फोटोत त्यांच्या सुरकुत्या स्पष्ट दिसतात, जुना निळा बरा होता म्हणतात.

आमची आणि त्यांची मागची गॅलरी समोरासमोर येते. सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले की ती दोघं तिथे उभी असतात. पूर्वेचा उजेड सगळ्यात खरा असतो असं काकांचं मत आहे. काकूंनी हनुवटी वर केलेली असते आणि काका अंगठ्याने त्यांच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघत असतात. आधी एक डोळा, मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

परवा काकू म्हणताना ऐकल्या, "अहो, गॅसवर दूध आहे."

"थांब जरा," काका म्हणाले, "ढग जाऊ दे."

थोड्या वेळाने दूध उतू गेल्याचा वास आमच्या गॅलरीपर्यंत आला. काकू हनुवटी वर करून तशाच उभ्या होत्या.