अलस्टर डगल्याचे सोवळे

श्रीकुलस्वामिनी समर्थ. राज्य कोणते, राजा कोण, हे पुसो नये. पुसलियास सांगणार नाही. परंतु शके सतराशे ब्याण्णव, प्रमोदनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान जाहले ते साद्यंत निवेदन करितो, चित्त देऊन श्रवण करावे.

समुद्रापलीकडे अलस्टर म्हणोन एक प्रांत आहे. तेथे थंडी मोठी, म्हणोन तेथील लोक लोकरीचा जाड, पोटरीखाली लोंबणारा, दुहेरी गुंड्यांचा डगला घालीत, आणि पैठणच्या लुगड्यास पैठणी म्हणावे तसे त्या डगल्यास प्रांताचेच नाव पडिले. तिकडील सरकारांनी स्नेहाखातर असा एक अलस्टर महाराजांस नजर पाठविला, आणि महाराजांनी तो जामदारखान्यात ठेवविला. जामदार होते विसाजीपंत. पंत स्वभावे भिडस्त, कोणास नाही म्हणणे जिवावर येई. मग मुदपाकाचे आचारी नारंभट यांची सोवळ्यात नेसावयाची लोकरीची धाबळी फाटली, तेव्हा ते पंतांस म्हणाले, "अहो, तो डगला लोकरीचा ना? लोकरीस विटाळ नाही. चार दिवस द्या." पंतांनी दिला, आणि चार दिवसांची तीन वर्षे जाहली, आणि पंत साफ विसरोन गेले.

आणि मग अकस्मात जासूद आला की, अलस्टर प्रांतीचा वकील उदयिक दरबारी येतो, महाराजांचे अंगी आपला डगला पाहावा हा त्याचा हेत. महाराजांची आज्ञा जाहली, "डगला काढा." हे ऐकोन पंतांस सारे आठवले, आणि ते धावत मुदपाकात गेले, तो डगल्यास पुढून हळदीचे पंजे, तुपाचे ओघळ, आणि पाठीवर निखाऱ्यांनी पाडलेली सात भोके. पंत ओरडले, "भटजी, तीन पिढ्यांची जामदारी माझ्या हातून बुडाली हो! वकील रुसला तर महाराज मला देशोधडीस लावतील!"

"बोंब मारू नका," नारंभट वदले, "वरण उतू जाते आहे. नेता तर न्या, पण उद्या मी बरोबर येणार. धाबळी माझी आहे."

मग पंतांनी डगला रिठ्याने धुतला, उन्हात घातला, परंतु हळद ती हळद, हटेना. दुसरे दिवशी तोच महाराजांचे अंगी चढविला, पुढून शेला पांघरविला, पाठीशी लोड दिला, आणि महाराज सिंहासनी विराजले. वकील दुभाष्यासह आले, डगला पाहोन हर्षले, आणि कापड चाचपावे म्हणोन हात पुढे करून थेट पायऱ्या चढू लागले. आता शेला सरकणार! इतक्यात खांबाआडून, रोजच्या सवयीने, नारंभट गरजले, "अहो, मागे व्हा! शिवू नका! सोवळे आहे!"

वकिलांचा हात जागीच राहिला. दुभाष्याने पंतांकडे पाहिले, "काय म्हणतात हे?" आणि जन्मात आवाज न चढविलेले पंत मोठ्याने बोलले, "साहेबांस सांगा, हा डगला आमच्या येथे देवाच्या नैवेद्याचे वेळी वापरितात. स्नानावाचून यास कोणी हात लावीत नाही." यात अक्षरही खोटे नव्हते.

वकिलांनी टोपी काढिली आणि सात पावले मागे सरले. डोळे भरोन आले. दुभाष्याकरवी म्हणाले, "आमच्या मुलखी हा पावसात भिजतो आणि खुंटीस लोंबतो. असा मान आम्हीही यास दिला नाही." आणि स्नेह पूर्वीहून दुणावला.

दरबार सरल्यावर महाराजांनी पंतांस एकांती बोलाविले. "पंत, पाठीस सात ठिकाणी वारा लागत होता." पंतांनी पाय धरिले. "अपराधी आहे, सरकार. जामदारी काढोन घ्यावी." महाराजांनी डगल्याच्या खिशात हात घातला, खोबऱ्याचा तुकडा काढिला, एका बाजूस दातांनी तोडलेला. "हे खिशात सापडले. अर्धे आम्ही दरबारातच खाल्ले. उरले ते तुम्ही घ्या. कालपासून तुमच्या पोटात अन्न गेले नसेल." पंतांनी ते खोबरे तेथेच, रडत रडत, खाल्ले.

येणेप्रमाणे स्नेह राहिला, जामदारी राहिली, आणि डगला मुदपाकी रवाना जाहला. महाराज क्षमाशील, वकील भोळे, नारंभट हट्टी, म्हणोन पंत वाचले. लिहिणारासही हायसे वाटले. लेखनसीमा.