ढोमणेकाकांची बावीस अक्षरं

आमच्या अपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर कागदाच्या पट्ट्या कोण चिकटवतं, हे शोधायला कुणाला फार डोकं लावावं लागलं नाही. चिकटवणाऱ्यानेच मला जिन्यात अडवून विचारलं, "सर, पट्टी पाहिली का? कशी वाटली?"

हे ढोमणेकाका, माझ्या समोरच्या फ्लॅटमधले. खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर नागपुरात आले. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून एकटेच राहतात. एकुलती एक मुलगी मीनल हैदराबादला प्रयोगशाळेत आहे. पेशीतल्या लहान आरएनएवर ती संशोधन करते. संशोधन ती करते आणि व्याख्यानं हे देतात, अशी त्यांच्यात वाटणी झालेली आहे.

पट्टी म्हणजे बोटभर रुंदीची, बावीस चौकोनांची, प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने एक इंग्रजी अक्षर. बावीसच का, हे मी विचारायला नको होतं.

"लहान आरएनए बाविसेक अक्षरांचाच असते, सर. भल्ला बारीक! पण काम पाहा त्याचं. डीएनए म्हणजे मूळ कागद, तो पेशीच्या कपाटातून बाहेर येत नाही. त्याची प्रत निघते, ते ऑर्डर समजा. आता हा बारका काय करते? आपली अक्षरं जुळली का त्या प्रतीले जाऊन चिकटते. झालं! मूळ कागद सलामत, पण ऑर्डरवर काम होत नाही. समजून राहिलं ना?"

मी म्हणालो, समजलं. आयुष्यभर कॉमर्स शिकवलेल्या माणसाने दुसरं काय म्हणावं? त्यातून सुटावं म्हणून मी पुढे जोडलं, "म्हणजे स्विच म्हणा ना."

"नाई जी, सर!" काका इतके दुखावले की ते तडक माझ्या घरात शिरले आणि कूलरचा रेग्युलेटर पार खाली फिरवला. "कूलर बंद झाला का? नाई झाला. पण वारा कमी झाला ना? बस, तसं. जास्ती करून तो कमी-जास्त करते. स्विच काहून म्हणता?"

मे महिन्यात नागपुरात दुसऱ्याच्या कूलरला हात लावायला हिंमत लागते. माझी बायको स्वयंपाकघरातून आली, तिने रेग्युलेटर पुन्हा पूर्ण वर केला आणि परत गेली. काका म्हणाले, "पाहा, वहिनींले समजलं." मला मात्र रात्री जेवतानाही कळेना, की पेशीत पट्टी चिकटते की वारा येतो.

अशी आमची तीन महिने शिकवणी चालली. चौकीदाराची, इस्त्रीवाल्याची, भाजीवालीचीही चालली. काका भेंड्या बावीस मोजून घ्यायचे. भाजीवाली एकदा मला म्हणाली, "तुमचे साहेब चांगले हायेत, पण तेविसावी भेंडी फुकट देली तरी वापस करतात."

रविवारी सकाळी मात्र काका कुणालाच सापडायचे नाहीत. दहाला मीनलचा फोन यायचा. त्यासाठी ते दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालत. व्हिडिओ कॉल असेल म्हणून मी विचारलं, तर साधाच. "मग शर्ट कशाला?" "पोरीसोबत बोलाचं हाय ना, सर."

त्या दिवशी त्यांनी आणखी एक सांगितलं. "ती आईसोबत तास-तास बोले. मी फोन उचलला का म्हणो, थांब, आईले देतो. जलमभर हेच म्हटलं. आता कोणाले देऊ? जेवले का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. ठेवू का, ठेव. दीड मिनिट नाई व्हायचं." एवढं बोलून ते पुन्हा आरएनएवर आले. मला फार वाईट वाटलं, पण त्याचा आरएनएशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नाही.

मग पाण्याचं प्रकरण झालं. सेक्रेटरी लांजेवारांनी बोर्डावर नोटीस लावली, शनिवारी टाकी धुणार, पाणी येणार नाही. त्यातल्या 'पाणी येणार नाही'वर काकांनी बरोबर पट्टी चिकटवली. राहिलं काय, तर शनिवारी टाकी धुणार. उत्तम, म्हणून कुणी बादलीसुद्धा भरली नाही. शनिवारी सकाळी अंगाला साबण लावून बसलेली तीन माणसं निघाली. त्यातला एक मी.

खाली लांजेवार काकांवर ओरडत होते आणि काकांच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता.

"मी नोटीस फाडली का? खोडली का? कागद जसाच्या तसा हाय. फक्त त्यावर कोणी काम नाई केलं. हेच त मी तीन महिन्यांपासून सांगून राहिलो!"

"अन् हीच नोटीस भेटली तुम्हाले?"

"बोर्डावर दुसरी होतीच कुठं?"

त्यावर लांजेवार मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, यांच्या डोक्यात काही गडबड हाय. एकटा माणूस. पोरीले सांगा, येऊन घेऊन जाय म्हणा. तुम्ही शेजारी, तुम्हीच बोला." मला ते पटलं नाही आणि खोडताही आलं नाही. रविवारी दहाला मी काकांकडे गेलो.

काका इस्त्रीच्या शर्टात टेबलाशी बसले होते. फोन आला, त्यांनी स्पीकर लावला, समोरचे सर आले आहेत असं सांगितलं आणि मग म्हणाले, "मीनल, ते लहान आरएनए म्हणते तू, ते काय असते वं? मागच्या रविवारी सांगतलं, पण मले काही नाई समजलं."

मी खुर्चीतच सरळ झालो. मीनल समजावू लागली, मूळ कागद, प्रत, चिकटणं. काका म्हणत होते, "अस्सं? हो का? बावीसच काहून वं पण?" हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं होतं! लांजेवार म्हणतात ते खरं निघालं की काय, असं मला वाटायला लागलं.

काका माझ्यासाठी चहा करायला आत गेले, तसा फोनमधून दबका आवाज आला. "काका, स्पीकर बंद करा थोडा." मी फोन कानाला लावला.

"काका, बाबा विसरून राहिले का हो? तीन महिने झाले, दर रविवारी तेच विचारतात. अर्धा तास सांगते, पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. मले भेव वाटून राहिलं. मी इथल्या डॉक्टरशी बोलली आहे. बाबांले इकडेच घेऊन येते, ते घर बंद करून टाकू."

समोर टेबलावर काकांची वही उघडी होती, कंट्रोल रूमच्या लॉगबुकासारखी तारीखवार आखलेली. रविवारचे प्रश्न ओळीने लिहिलेले होते. प्रत्येक प्रश्नाखाली त्याचं उत्तर, आकृतीसकट, स्वच्छ अक्षरात. आणि समासात लाल शाईने शेरा होता: 'समजले. तरी पुन्हा विचारणे.'

तीन महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी समजलं. मी तो शेरा मीनलला वाचून दाखवला. "बेटा, त्यांना सगळं येतं. अख्ख्या बिल्डिंगला शिकवलंय त्यांनी. फक्त तू लवकर फोन ठेवू नयेस, एवढंच," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, "बाबांले द्या."

काका चहा घेऊन आले होते. मी स्पीकर पुन्हा लावला.

"बाबा," मीनल म्हणाली, "आत्ता सांगितलं ना, त्यात माझंच थोडं चुकलं. ते सोडून द्या. पुन्हा पहिल्यापासून सांगते. वेळ आहे ना तुम्हाले?"

माझा चहा हातात तसाच धरून काकांनी खुर्ची फोनजवळ ओढली.

"हाय ना," ते म्हणाले. "सांग."