ओव्हाळ मॅडमचं नाक

ही गोष्ट सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. आधी ओव्हाळ मॅडम आमच्या वरच्या मजल्यावर राहत होत्या म्हणून, आणि मग त्या वारल्या म्हणून. आता टाळायला कारण उरलेलं नाही.

मॅडम माणसाचं तोंड नंतर बघत, आधी चपला. तळेगावातल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात त्या तुम्हाला अडवणार, चपलेच्या कडेची माती नखाने खरवडणार, नाकाशी नेणार आणि निकाल देणार. "भुशीला जाऊन आलात. धरणाजवळ भजी खाल्लीत." भजी त्यांना शर्टावरच्या डागावरून कळत, पण श्रेय मातीला जाई. आमचे सेक्रेटरी एकदा ऑफिसच्या कामाला म्हणून मुंबईला गेले होते. ते परतल्यावर मॅडमनी त्यांचा बूट हुंगला आणि त्यांच्या बायकोसमोरच म्हणाल्या, "लोणावळा. रिसॉर्टच्या लॉनची माती आहे ही, विकतची." त्यानंतर सेक्रेटरी बूट हातात घेऊन जिना चढू लागले.

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंना एकच उद्योग होता: मातीत कोण राहतं ते शोधणं. चमचाभर माती पुण्याच्या प्रयोगशाळेत द्यायची. तिथे तिच्यातल्या सगळ्या जिवांचा डीएनए एकदम काढून यंत्रावर वाचतात आणि यादी येते. "दार न वाजवता सगळ्या सोसायटीच्या पाट्या वाचायच्या, सर," असं त्या मला समजावत. जिवाणूंना त्या 'मंडळी' म्हणत. रंगात आल्या की माहेरची, आंबीची बोली सुटे. "हितं लय मंडळी हायेत, सर! निम्म्यांना तर अजून नावच न्हाई!" गच्चीच्या गळतीसाठी बोलावलेल्या सभेत त्या बागेत फिनेल ओतणाऱ्या माळ्यावर अर्धा तास बोलल्या. गच्ची अजून गळते.

सभेत सगळ्यात मोठ्याने हसलो तो मी. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, मृदेचे प्रकार पोरांकडून घोकून घेतलेले. मला माती शिकवणाऱ्या या कोण?

आंबीला मॅडमच्या वडिलांचं, आबांचं, शेत होतं. ते कारखान्याला गेलं. बुलडोझर यायच्या आदल्या सकाळी मॅडमनी तिथली पिशवीभर माती भरून आणली. आज तिथे सगळं काँक्रीट आहे. त्या शेतातली तेवढीच माती बाहेर उरली. मॅडमचा फ्रीझर असल्या पिशव्यांनी आधीच भरलेला, म्हणून प्रयोगशाळेत नंबर लागेपर्यंत ही पिशवी आमच्या फ्रीझरमध्ये आली, आइस्क्रीमच्या शेजारी.

"वितळू देऊ नका हं, सर. वितळली की घरची मंडळी मरतात आणि उपटसुंभ माजतात. आबांच्या शेतात कोण कोण होतं, एवढंच बघायचंय मला."

पुढच्या आठवड्यात आम्ही मुलीकडे नाशिकला निघालो. परगावी जाताना मेन स्विच बंद करायचा, ही माझी जुनी शिस्त.

"अहो, फ्रिज राहू द्या चालू," बायको म्हणाली. "मॅडमची माती आहे."

"माती काय दूध आहे का नासायला?" भूगोलाचा मास्तर बोलला.

आठ दिवसांनी परतलो, तर फ्रीझरमधून गढूळ पाणी ठिबकत होतं. पिशवीत चिखल, त्यावर स्ट्रॉबेरी आइस्क्रीमचा गुलाबी ओघळ.

"आत्ताच्या आत्ता वर जा आणि सांगा," बायको म्हणाली.

मी वर गेलो नाही, खाली गेलो. पाण्याच्या टाकीमागची माती खणली आणि धुतलेल्या पिशवीत भरून गोठवली. पिशवीवरची 'आंबी, आबांचं शेत' ही अक्षरं पुसली गेली नव्हती. चिखल फेकवेना, तो एका रिकाम्या कुंडीत ओतला आणि त्यात कढीपत्ता लावला. गोठलेल्या मातीला वास येत नाही. मॅडमनी पिशवी तशीच पुण्याला नेली.

अहवाल आला. रंगीत पट्ट्यांचा तक्ता. मॅडम बुचकळ्यात पडल्या. "कुत्र्यांच्या पोटातली मंडळी कशी हो निघाली, सर? आबांनी तर कधी कुत्रं पाळलं नाही."

"यंत्र आहे, चुकत असेल."

"यंत्र कशाला चुकेल? बांधावरून जात असेल एखादं."

त्यांनी तो तक्ता फ्रेम करून आबांच्या फोटोखाली लावला. घरात दुसरं माणूस नव्हतं. रोज संध्याकाळी त्या चष्मा लावून एकेक नाव मोठ्याने वाचत. छतातून मला ऐकू येई. टाकीमागे सोसायटीची कुत्री जे उरकत, त्याची हजेरी आबांसमोर अशी रोज होई. यावर हसायला हवं होतं. हसणाऱ्यांत मी पहिला असे.

पुढे मॅडमचं जिना उतरणं बंद झालं. कढीपत्ता तोवर हातभर वाढला होता. एके सकाळी मी ती कुंडी उचलून वर नेली. वाक्य पाठ केलं होतं: मॅडम, ही आबांच्या शेतातली माती. पिशवी मी बदलली. मला माफ करा.

मॅडम खुर्चीत होत्या. त्यांनी रोपाकडे पाहिलंसुद्धा नाही. चिमूटभर माती घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. बराच वेळ हात खाली आला नाही.

"ही कुटली वो, सर?"

"नर्सरीतली," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा हुंगली. मग बोटं पदराला पुसली आणि हसल्या. "नाकसुदिक गेलं बघा माझं. मला वाटलं..."

माझं वाक्य तयार होतं. मी म्हणालो, "पाणी बेताने घाला."