किसनतात्यांचे पाहुणे

किसनतात्यांच्या करडईत पाय टाकायचा तर आधी तोंड बंद करावं लागे. बांधावरून कोणी मोठ्यानं बोलत आलं की ते दोन्ही हात हलवत पुढे यायचे. "हळू, हळू! पाव्हणे जेवायलेत."

पाहुणे म्हणजे किडे. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे, हरभऱ्याच्या डाळीएवढे. थंडीत करडईच्या शेंड्यांवर काळा मावा बसतो, रस शोषतो, झाड चिकट करून टाकतो. हे किडे तो मावा खातात. मावा दिसला की गाव कीड मारायची पावडर आणायचं. तात्या मात्र चुडाव्याला रेल्वेच्या रुळाच्या कडेनं रुईच्या झाडांवरून किडे वेचत आणि आपल्या करडईत आणून सोडत. शनिवारी मारुतीसाठी रुईची पानं तोडणाऱ्या बायकांना ते आडवे जात. "पानं न्या की. देवाला कोन न्हाई म्हनतंय? पन माझे पाव्हणे झाडून ठिवा."

परभणीकडे एका शेतकी फार्मावर त्यांनी बरीच वर्षं मजुरी केली होती. तिथल्या साहेबानं दिलेलं एक भिंग ते दोऱ्यात ओवून गळ्यात घालत. बायको वारलेली, मुलगी येलदरीला दिलेली. घरी कोणी नाही, म्हणून वाटेत जो सापडेल त्याला मावा दाखवत.

"ह्यांच्यात नवरा नावाचा परकारच न्हाई," एकदा खुरपणाऱ्या बायकांना त्यांनी भर शेतात सांगितलं. "समद्या बायकाच. अंडं न्हाई, काई न्हाई. रोज चार-पाच लेकरं, तीबी चालती!" बायका तोंडाला पदर लावून पळाल्या. तात्या मागून ओरडले, "अगं, मुंग्यांचं तर ऐका! मुंग्या गवळी हायत, मावा त्यांच्या म्हशी!"

आमचं शेत त्यांच्या बांधाला लागून. मी पळाले नाही, कारण मला पळायचीही लाज वाटायची. मी कोणाशी बोलत नसे, त्यामुळे तात्यांना वाटे मी फार लक्ष देऊन ऐकते. रोज दुपारी हाक यायची. "सूनबाई, ये जरा. आज लय मजा हाय."

त्या साली ढगाळ हवा पडली आणि मावा वाढला. पारावर सगळे पावडरीचं बोलत होते. तात्यांनी चारचौघांत सांगून टाकलं, "माझ्या करडईला पावडर लागनार न्हाई. न्हाई आली करडई तर माझं ऐकू नका पुन्हा." त्यांचं वर्षाचं तेल त्या एका तुकड्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेंड्याजवळ बोलावलं आणि भिंग हातात दिलं. "पाव्हण्यांची लेकरं बघ. मोठ्यांपरीस हीच जास्त खात्यात. दिसली का?"

शेजारच्या शेतातले गडी आमच्याकडे बघून हसत होते. भिंग डोळ्याला नीट लागेना, समोर नुसतं हिरवं हिरवं. चौथी शिकलेली बाई, "दिसत नाही" म्हणायला जीभ वळली नाही. मी मान हलवली. म्हटलं, "दिसली."

चार दिवसांनी येलदरीहून मुलगी आजारी असल्याचा निरोप आला. जाताना तात्या म्हणाले, "तुला समदं ठावं हाय. नजर ठिव."

मी जीव लावून नजर ठेवली. लाल किड्यांना धक्का लागू दिला नाही. पण पाहते तर शेंड्याशेंड्यावर काळ्या, काटेरी अळ्या. मगरीसारख्या लांबट, पाठीवर नारिंगी डाग. किती ओंगळ! म्हटलं, ही नवीन कीड तात्यांच्या माघारी आली. दोन दिवस मी पायाला गोणपाट गुंडाळून, करडईचे काटे सोसून, एकेक अळी नखानं चिरडली. नखं पिवळी झाली. तात्या शाबासकी देतील म्हणून मी मनातल्या मनात खूश होते.

तात्या आठ दिवसांनी आले तेव्हा करडईचे शेंडे दिसत नव्हते, नुसता मावा. तात्या वाकून वाकून पानं उलटत होते. "लेकरं कुठं गेली गं? काळी, काट्याची, नारिंगी ठिपक्याची... इतकी व्हती."

मी माझी नखं पदराखाली घेतली.

पारावर काय झालं ते आमच्या मालकांनी जेवताना हसत हसत सांगितलं. कोणीतरी विचारलं, "काय तात्या, पाव्हणे उपाशी उठले का काय?" तात्या म्हणाले, "माझंच चुकलं. येळ चुकली." मी भाकरी वाढत होते.

मग एका सकाळी तात्यांनी स्वतःच पावडर आणली. फडक्यात बांधली, तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि काठीनं फडकं आपटत ओळीओळीनं गेले. मावा पडला, लाल किडेही पडले. बांधावर माणसं मोठ्यानं बोलत होती. तात्यांनी कोणाला गप्प केलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी वाटीत पिठलं घेऊन त्यांच्या दारात गेले. उंबऱ्याकडे बघत म्हटलं, "तात्या, त्या अळ्या मी मारल्या. भिंगातून मला काही दिसलंच नव्हतं."

"ठावं हाय," तात्या म्हणाले. "आलो त्याच दिशी पानावर चिरडलेल्या दिसल्या. माझ्या शेतात तुज्याबिगर येतंय कोन?"

"मग पारावर सांगितलं का नाही?"

ते वाटीवरचं झाकण उगीच काढत-घालत राहिले. "सांगितलं असतं तर तू यायची बंद झाली असतीस. समदे पळत्यात, सूनबाई. तू तेवढी हुबी ऱ्हातीस." मग घाईघाईनं म्हणाले, "उद्या ये. बांधाकडच्या दोन-चार झाडांना पावडर लागली न्हाई, तिथं लेकरं वाचल्यात. उघड्या डोळ्यांनीबी दिसत्यात. भिंग नको."

मी "येते" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाक आली. "सूनबाई! ये, लय मजा हाय!" मी आमच्या ज्वारीत होते. पुन्हा त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटली. गेले नाही. हाक दोनदा आली, तिसऱ्यांदा जरा हळू आली. त्यांना दिसू नये म्हणून मी मटकन खाली बसले. ज्वारी तेव्हा निसवलेली, कणसं बाहेर आलेली होती, माझ्या डोक्याच्या हातभर वर. उभी राहिले असते तरी त्यांना दिसले नसते.